सरकारी वकील आपला की सरकारचा?

मागच्या अंकात पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, एका केसबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांची रीघ लागली. पत्रं कमी आणि व्हॉइस मेसेज जास्त. म्हणून या वेळचं सदर सगळं याच विषयाला दिलंय, की लहान मुलांवरचे अत्याचार, बलात्कार अशा नाजूक केस सरकारी वकील आणि त्यांच्याबरोबरची माणसं पहिल्या दिवसापासून निकालापर्यंत कशा नेतात. पत्रं कापून छोटी केलीत, गावं आणि नाती थोडी बदललीत. आपल्याकडे वाडीचं नाव छापलं तरी अर्ध्या तालुक्याला घर कळतं.

राजापूर तालुक्यातून एक आत्या विचारतात : ताई, माझी भाची १२ वर्षांची, आईबाप मुंबईला, ती इथे आजीजवळ शिकायला. ओळखीतल्याच माणसाने केलं. तिचा जबाब पोलिसांनी घेतला, मग डॉक्टरांनी विचारलं, मग मॅजिस्ट्रेटसमोर झालं, आता सरकारी वकिलांकडून निरोप आलाय की मुलीला घेऊन या. किती वेळा सांगायचं तिने तेच तेच? आणि आमचे मेहुणे म्हणतात की सरकारी वकील सरकारचा, तो कशाला तुमचं बघेल, प्रायव्हेट लावा. खरं काय?

आत्या, सरकारी वकिलांनी बोलावलंय म्हणजे चौथा जबाब नाही हो. तिथे काही लिहून घेत नाहीत, सही नाही, अंगठा नाही. त्यांनी कागद वाचलेले असतात, आता त्यांना मुलगी बघायची असते. ती किती बोलते, कोण जवळ असलं की बोलते, पुस्तकी मराठी बोलते की घरातली बोली, शरीराच्या भागांना ती काय म्हणते, हे कळल्याशिवाय कोर्टात तिला प्रश्न कसा विचारणार? चांगला सरकारी वकील पहिल्या भेटीत घटनेचं नावही काढत नाही, शाळा, मैत्रिणी, घरातली मांजर एवढंच. आणि एक नक्की, तो तिला उत्तरं पाठ करायला सांगणार नाही. तुम्हीही घरी पढवू नका. पढवलेलं पोर उलटतपासात दोन मिनिटांत कळतं आणि मग खरं सांगितलेलंही खोटं वाटायला लागतं.

मेहुण्यांचं अर्धं बरोबर आहे. केसचं नावच ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’ असं असतं, त्यामुळे वकील शासनाचा, त्याला तुम्ही फी द्यायची नाही, तुम्ही सांगाल तसं तो वागायला बांधलेला नाही, आणि आरोपीच्या बाजूचा कागद हाती आला तर तो दडवायचाही नसतो त्याने. पण याचा अर्थ तो तुमचा कोणीच नाही असं नाही. तारीख कधी, आज काय झालं, पुढे कोणाची साक्ष, हे त्याला विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि आपली माणसं नेमकं तेच विचारत नाहीत, बाहेर बाकावर बसून राहतात आणि संध्याकाळची गाडी पकडून घरी जातात.

आता किती वेळा सांगायचं ते. कायद्याचा सगळा रोख हाच आहे की कमीत कमी वेळा. पॉक्सो कायदा २०१२ चा, त्यात पोलिसांनी जबाब मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला पीएसआय किंवा वरच्या अधिकाऱ्याने, आणि युनिफॉर्म घालून नाही. मुलगी असेल तर तपासणी लेडी डॉक्टरने करायची, आणि बलात्काराच्या केसमध्ये पोलिसांना खबर मिळाल्यापासून २४ तासांत तिला डॉक्टरकडे पाठवायला हवं. ती जुनी दोन बोटांची चाचणी कोणी करायला गेलं तर सरळ नाही म्हणा, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलंय की ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी. मग मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब, ज्याला वकील लोक अजून जुन्या कायद्यातल्या कलमावरून १६४ चा म्हणतात पण १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १८३ झालंय. हा जबाब म्हणजे पुढे कोणी दबाव आणलाच तर मागे टेकायला भिंत असते, म्हणून तो झाला हे बरंच झालं. आणि शेवटी कोर्टात, ते एकदाच, तिथेही परत परत बोलवायचं नाही असं कायद्यातच आहे.

तिच्या मदतीला आणखी एक माणूस मिळतो आणि ते कोणी सांगत नाही. सपोर्ट पर्सन म्हणतात, बालकल्याण समिती नेमते, आणि पोलिसांनी केस २४ तासांत या समितीला कळवायची असते. तुम्हाला सपोर्ट पर्सन मिळालेला नसेल तर समितीकडे अर्ज टाका. केसची माहिती देणं, तारखेला बरोबर येणं, पैशाच्या मदतीचे कागद करणं हे त्याचं काम. आपल्याकडची खरी टीम ही अशी विखुरलेली असते बघा. तपास पोलिसांचा, त्यात सरकारी वकील हुकूम सोडू शकत नाही. डॉक्टर सिव्हिलला, सीए रिपोर्ट (जप्त वस्तूंच्या रासायनिक तपासणीचा अहवाल) लॅबमधून यायचा, सपोर्ट पर्सन तिसरीकडे, आणि कोर्टातला पैरवी हवालदार, म्हणजे केसचा पाठपुरावा करणारा पोलीस, हा सगळ्यांना जोडणारा धागा. इंग्लंडमध्ये सरकारी वकिलांच्या खात्यात बलात्काराच्या केससाठी वेगळी युनिट आहेत, अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी एकच वकील पहिल्या दिवसापासून निकालापर्यंत केस धरून ठेवतो, व्हर्टिकल प्रॉसिक्युशन म्हणतात त्याला. आपल्याकडे साध्या सेशन्स केसमध्ये रिमांडला खालच्या कोर्टातला एपीपी (सहाय्यक सरकारी वकील), ट्रायलला वरच्या कोर्टातला दुसराच, आणि मध्ये बदली झाली की तिसरा. पॉक्सोमध्ये मात्र स्पेशल कोर्ट आहे, केस खालून वर पाठवायची भानगड नाही आणि त्या कोर्टाला स्वतःचा विशेष सरकारी वकील नेमलेला असतो, किमान ७ वर्षं वकिली केलेला. म्हणजे एकच माणूस शेवटपर्यंत राहायची शक्यता इथे सगळ्यात जास्त. माझं मत विचाराल तर नाजूक केसमध्ये हुशारीपेक्षा हे सलग असणं जास्त कामाला येतं, कारण मुलगी एका चेहऱ्याला सरावते आणि वकिलाला कागदांतली भोकं आधीपासून माहीत असतात.

भोकं म्हणजे कसली, तर एक सांगते. वय. पॉक्सो लागायलाच मुलगी १८ च्या आतली हवी, आणि ती किती आतली यावर कलम आणि शिक्षा ठरते, त्यामुळे बचावाचा वकील पहिला हात तिथे घालतो. वयाचा पुरावा म्हणजे शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा बोर्डाचं सर्टिफिकेट, ते नसेल तर ग्रामपंचायतीची नाहीतर नगरपालिकेची जन्मनोंद, आणि काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. आता आपल्याकडे काय होतं, मुलगी पहिलीला ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली ती शाळा पटसंख्येपायी बंद झालेली असते, जनरल रजिस्टर उचलून शेजारच्या वाडीतल्या शाळेत कपाटात टाकलेलं, त्याला वाळवी, आणि नवीन गुरुजी म्हणतात हे माझ्या काळातलं नाही. चांगला सरकारी वकील चार्जशीट यायच्या आधीच तपासी अंमलदाराला विचारतो की मूळ रजिस्टर बघितलंत का, नुसता दाखला नको, आणि ती तारीख कोणाच्या सांगण्यावरून लिहिली होती तेही काढा. तुम्ही घरात जन्मनोंद शोधून ठेवा आत्या, मुंबईला जन्म असेल तर महापालिकेची. हे तुमच्या हातातलं काम आहे.

पोलिसांनी अशा केसचा तपास दोन महिन्यांत संपवायचा असतो. आणि चार्जशीट ठरलेल्या मुदतीत, म्हणजे गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत, आली नाही तर आरोपीला जामीन हक्काने मिळतो, मग गुन्हा कितीही वाईट असो. तपास कुठे आलाय हे पोलिसांनी तुम्हाला ९० दिवसांच्या आत कळवायला हवं, मोबाईलवर मेसेज करूनही चालतं. एफआयआरची कॉपी फुकट. जामिनाच्या अर्जावर तुम्हाला कळवल्याशिवाय सुनावणी नको, हे मुंबई हायकोर्टाने २०२१ मध्ये पॉक्सोसाठी स्पष्ट केलंय, तेव्हा नोटीस आली तर घाबरून घरात बसू नका, जा आणि सरकारी वकिलांना सांगा की तो सुटला तर त्याचं घर आमच्या घरापासून किती पावलांवर आहे. कागदावर एकच गाव लिहिलेलं असतं, पावलं नसतात.

आणि साक्षीच्या आधी एकदा मुलीला रिकामं कोर्ट दाखवून आणायला सांगा. जज कुठे बसतात, तू कुठे बसणार, पडदा कुठे असेल, पाणी कुठे. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात अशा साक्षीदारांसाठी वेगळी खोली करायला सांगितलं. तिथे आरोपी मुलीला दिसत नाही पण त्याला तिचं बोलणं ऐकू येतं, वकिलांनी प्रश्न जजना द्यायचे आणि जजनी मुलीला विचारायचे. मधे मधे सुट्टी मागता येते. साक्ष बंद दाराआड, पण तुम्ही किंवा तिचा विश्वास असलेलं माणूस आत बसू शकतं. माझ्या बघण्यात असंही आलंय की पडदा म्हणजे दोन कपाटं आडवी लावून केलेला आडोसा. चालतं. पोर त्याच्या मागे बसून बोललं ना, झालं तर.

देवगडहून एक वाचक : आमच्या ओळखीच्या केसमध्ये लोकांची मागणी आहे की मोठे नामवंत विशेष सरकारी वकील द्या. हे कसं होतं? आणि त्याने खरंच फरक पडतो का?

नेमणूक राज्य सरकार करतं, विधी व न्याय विभागाकडून अधिसूचना निघते, वकील किमान १० वर्षं प्रॅक्टिसवाला हवा. तुम्ही फिर्यादी म्हणून लेखी अर्ज करायचा, कारणं द्यायची, म्हणजे आरोपी वजनदार आहे, साक्षीदारांवर दबाव आहे, पुरावा गुंतागुंतीचा आहे. नुसतं ‘जनतेची मागणी’ हे कारण पुरत नाही.

फरक पडतो का, तर कधी कधी खूप पडतो. कोपर्डीची केस आठवते ना, नगर जिल्ह्यातल्या शाळकरी मुलीवरच्या बलात्कार-खुनाची, जुलै २०१६ ची घटना, उज्ज्वल निकम विशेष सरकारी वकील होते, परिस्थितीजन्य पुराव्याची केस, नोव्हेंबर २०१७ मध्ये शिक्षा लागली. पण तिथे सगळ्या राज्याचं लक्ष होतं, सगळी यंत्रणा जागी होती. तुमच्याकडे मोठे वकील मुंबईहून येणार, बाकी केस सांभाळून तारखा देणार, तोपर्यंत साक्षीदार मुंबई-पुण्याला पांगणार. मी तर म्हणेन की जिल्ह्यातलाच एखादा मन लावून काम करणारा वकील मागा, ज्याला तपासी अंमलदार फोनवर सापडतो.

दुसरा रस्ता, तुमचा स्वतःचा वकील लावून त्याने सरकारी वकिलांना मदत करायची. कायद्यात परवानगी आहे, पॉक्सोत तर मुलीच्या कुटुंबाला हा हक्क वेगळा दिलाय, ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देतं, १५१०० ला फोन करा. पण अपेक्षा नीट ठेवा. तो उठून स्वतः उलटतपास घेऊ शकत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलंय की सुकाणू सरकारी वकिलाच्याच हातात. त्याने मुद्दे, प्रश्न लिहून द्यायचे, शेवटी लेखी युक्तिवाद द्यायचा. चांगली जोडी जमली तर हे फार उपयोगी पडतं, कारण सरकारी वकिलाच्या टेबलावर त्या दिवशी आणखी डझनभर फायली असतात. जोडी नाही जमली तर मात्र कोर्टात दोघांची धुसफूस आणि समोरचा वकील गालात हसतोय, असंही बघितलंय.

रोहा भागातून, नाव नको म्हणालेत : गावकीची बैठक बसली, शाळेचे हेडमास्तरही होते. म्हणाले केस मागे घ्या, मुलाकडचे पैसे देतील, नाहीतर पाणी-शेत-देऊळ सगळं बंद. मिटवता येतं का हो हे?

नाही. सरळ उत्तर. पॉक्सोची, बलात्काराची केस फिर्यादीला ‘मागे’ घेताच येत नाही कारण ती त्याची नाहीच, शासनाची आहे. (केस शासनाची असणं इथे तुमच्या उपयोगी आलं बघा.) खुद्द सरकारी वकिलाला केस काढून घ्यायची झाली तरी आता पीडित पक्षाचं म्हणणं ऐकल्याशिवाय कोर्टाला परवानगी देता येत नाही. लोक मग हायकोर्टात जाऊन ‘आमचं मिटलं’ म्हणून केस रद्द करून घ्यायला बघतात, राजस्थानातल्या एका शिक्षकाची अशीच रद्द झालेली केस सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये परत उभी केली.

आणि गावकीने वाळीत टाकणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. तुमच्या रायगड जिल्ह्यातल्याच वाळीत टाकण्याच्या तक्रारी गाजल्या, आणि महाराष्ट्राने २०१६ मध्ये त्यासाठी खास कायदा केला, २०१७ पासून लागू, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बैठकीला कोण कोण होतं, कोण काय बोललं, कुठल्या देवळाच्या सभामंडपात, तारीख वार घालून आजच वहीत लिहून काढा. मग दोन अर्ज करा. एक पोलिसांत, वाळीत टाकण्याबद्दल. दुसरा साक्षीदार संरक्षणाचा. याची योजना सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये मंजूर केली, जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते आणि अर्ज द्यायचा कोणाकडे, तर जिल्ह्यातल्या सरकारी वकिलांच्या प्रमुखाकडे, तेच समितीचे सदस्य सचिव. पोलिसांचा धोक्याचा अहवाल ५ कामकाजाच्या दिवसांत यायला हवा. मग गरजेप्रमाणे घराजवळ गस्त, कोर्टात ने-आण, फोन नंबर बदलून देणं असं काही काही मिळतं. सिनेमातल्यासारखं नवीन नाव, नवीन गाव फार क्वचित.

बैठकीला शाळेचे हेडमास्तर होते म्हणता. त्यांना ही गोष्ट आधी कळली होती आणि त्यांनी पोलिसांना कळवली नव्हती असं निघालं तर पॉक्सोत तोही गुन्हा आहे. हे त्यांच्या कानावर घाला. बऱ्याचदा तेवढ्याने आवाज खाली येतो.

गुहागरहून एक जण : मी पंच होतो, कपडे जप्त केले त्या पंचनाम्याला. बरीच वर्षं झाली, आता समन्स आलंय. मला काही आठवत नाही. आणि दुसरा साक्षीदार आंब्याच्या बागेतला नेपाळी राखणदार, तो तर गेला गावाला.

पंच मंडळींना मी नेहमी सांगते की तारखेला तासभर आधी जा, सरकारी वकिलांना भेटा, पंचनामा वाचायला मागा. स्वतःची सही असलेला कागद बघून आठवणं हे कायद्याला मान्य आहे, त्यात लबाडी नाही. नाही आठवत ते ‘आठवत नाही’ म्हणा, पण ‘पोलिसांनी कोऱ्या कागदावर सही घेतली’ असं खोटं कोणाच्या भिडेपायी म्हणू नका. फितूर म्हणून लागाल आणि सगळी साखळी तुटेल.

साखळी म्हणजे बघा, कपडा जप्त झाला, कागदाच्या पाकिटात घातला (प्लॅस्टिकमध्ये घातला तर आपल्या पावसाळ्यात चार दिवसांत बुरशी, मग लॅबवाले काय डोंबल तपासणार), लाखेचं सील, तुमच्या सहीची चिठ्ठी, मालखाना, मग कॉन्स्टेबलच्या हातून लॅबला. बचावाचा वकील याच तारखा एकेक करून विचारतो. जप्ती एका तारखेची, लॅबची पोच तीन आठवड्यांनंतरची, तर मधे पाकीट कुठे होतं? मालखान्याच्या रजिस्टरला नोंद आहे? सील शाबूत होतं असं लॅबने लिहिलंय? सरकारी वकिलाने हे आधी जुळवून ठेवलं नसेल तर चांगला सीए रिपोर्ट हातात असून फुकट जातो. तुमची साक्ष पाच मिनिटांची पण त्या साखळीतली पहिली कडी तुम्ही.

राखणदाराचा प्रश्न आपल्याकडे नेहमीचाच. बागेतले राखणदार पावसाच्या तोंडावर जातात, ट्रॉलरवरचे खलाशीही जून-जुलैच्या मासेमारी बंदीत घरी, समन्स घेऊन पोलीस जेट्टीवर जातो तर बोट खोल समुद्रात. म्हणून असा साक्षीदार असला की सुरुवातीलाच त्याचा मॅजिस्ट्रेटसमोर जबाब करून घ्यायला हवा, सरकारी वकिलाने तपासी अंमलदाराच्या मागे लागून. तो जबाब साक्षीची जागा घेत नाही, पण माणूस उद्या पलटला तर उपयोगी पडतो. आणि नव्या संहितेत व्हिडिओवरून साक्ष घ्यायची सोय आहे, त्याचा चालू नंबर मालकाकडे असेल तर सरकारी वकिलांना नेऊन द्या.

चिपळूणहून कॉलेजचा विद्यार्थी : आम्ही निषेध मोर्चा काढला, बॅनरवर मुलीचा फोटो लावला, स्टेटसलाही ठेवला. कोणी म्हणालं हा गुन्हा आहे?

आहे. आत्ता काढ. नाव, फोटो, शाळा, घरच्यांची नावं, ओळख पटेल असं काहीच नाही. न्याय संहितेच्या ७२ कलमाने दोन वर्षांपर्यंत कैद, पॉक्सोत वेगळी शिक्षा. मुलगी वारली असली तरी हेच, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलंय. मोर्चा काढायचा तर तपास वेळेत का झाला नाही यावर काढा ना.

रत्नागिरीजवळून एक भाऊ : माझ्या धाकट्या भावावर खोटी केस आहे, तो त्या दिवशी दुसरीकडे होता. सगळे मुलीच्या बाजूने लिहितात, आमचं कोण बघणार?

तुमचंही पत्र छापते आहे, आणि मुद्दाम. सरकारी वकिलाचं काम कोणालातरी आत घालणं नाही, कोर्टासमोर खरं काय ते ठेवणं आहे. भावाला चार्जशीटची आणि सगळ्या जबाबांची कॉपी मिळते, वकील नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून त्यालाही फुकट मिळतो. पॉक्सोच्या काही कलमांत कोर्ट गुन्हा झाला असं गृहीत धरून चालतं आणि ते खोडायची जबाबदारी आरोपीवर येते, पण त्याआधी सरकार पक्षाला मूळ घटना पुराव्याने उभी करावीच लागते. भाऊ त्या दिवशी दुसरीकडे होता म्हणता, तर मोबाईल, सीसीटीव्ही, कंपनीची हजेरी हे आत्ताच वकिलाकडे द्या, कारण सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी पुसलं जातं. मोबाईलमधलं काही डिलीट करू नका, नवीन घेतला तरी जुना फेकू नका, आणि मोबाईलमधला पुरावा कोर्टात द्यायचा तर त्याबरोबर कायद्याचं सर्टिफिकेट लागतं, नुसते स्क्रीनशॉट छापून चालत नाहीत. आणि मुलीच्या घरच्यांना भेटायला, समजवायला जाऊ नका. अजिबात नको. जामीन रद्द व्हायला तेवढं पुरतं.

मालवणहून एक आई : केस सुटली. त्याने पेढे वाटले. आता आमी काय करूचा ता सांगा. माका कोण काय सांगणत नाय.

बाई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. निकाल म्हणजे शेवट नाही. सरकार अपील करू शकतं, त्यासाठी हायकोर्टाची परवानगी लागते आणि आधी सरकारी वकिलाने ‘अपील करावं’ असं मत लिहून फाइल वर पाठवायची असते, ती टेबलाटेबलावरून फिरते. म्हणून त्यांना आठवडाभरातच भेटा आणि विचारा की तुम्ही काय मत दिलंत. पण सरकारने नाही केलं तरी तुमचं अडत नाही. पीडित पक्षाला स्वतःचं अपील करायचा हक्क आहे, आणि त्यासाठी वेगळी परवानगी मागावी लागत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केलंय. पूर्वी हे म्हणजे मुंबईच्या खेपा. आता १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सिंधुदुर्ग, रत्नागिरी त्याच्याकडे आहेत, तेव्हा घाट चढला की हायकोर्ट.

केस का सुटली हे आधी बघायला हवं. निकालपत्रात लिहिलेलं असतं, वय शाबीत नाही, की सीए रिपोर्टची साखळी तुटली, की मुलीच्या बोलण्यात तफावत. तफावत बारीकसारीक असेल तर हायकोर्टात उभं राहायला जागा असते. मूळ कागदच नसेल तर मात्र कठीण जातं, खोटी आशा मी लावणार नाही.

आरोपी सुटला तरी मुलीला भरपाई मागता येते, पॉक्सोच्या नियमांत तसं आहे, आणि राज्याची मनोधैर्य योजनाही आहे. दोन्हीसाठी ओरोसला कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, तिथूनच हायकोर्टासाठीच्या वकिलाचाही अर्ज होतो. जाताना निकालाची सही-शिक्क्याची नक्कल लागेल, नकलेच्या अर्जावर केस नंबर आणि निकालाची तारीख घाला. केस नंबर माहीत नसेल तर समन्सच्या जुन्या कागदावर वरच्या कोपऱ्यात असतो, तोही नसेल तर पैरवी हवालदाराला विचारा, त्याला तोंडपाठ असतो.